पहिला हात

“खिडकीतलं टेबल कुणी हलवलं?”

शर्मिलाताईंनी खांद्यावरची पर्सही अजून काढली नव्हती. शालन किचनच्या ओट्याशी लोणी आणि साखर फेटत उभी होती. तिनं हात थांबवला नाही.

“आम्हीच हलवलं, ताई. सकाळी उभ्याउभ्या कॉफी घेणारे असतात, त्यांना थांबायला जागा केली.”

“उभ्याउभ्या? हे कॅफे आहे शालन, अमृततुल्य नाही.”

पर्स खुंटीला अडकवून शर्मिलाताई बाहेर गेल्या. खिडकीपाशी दोन माणसं हातात कप घेऊन बोलत उभी होती. मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे व्यापारी होते ते. सकाळचा लिलाव उरकला की घरी जाताना हल्ली थांबायचे. “जरा सरकता का?” असं त्यांना म्हणत शर्मिलाताईंनी ते जड लाकडी टेबल स्वतःच ओढत पुन्हा खिडकीत आणलं. फरशीवर पाय घासल्याचा आवाज दुकानभर झाला. दोघांपैकी एकाच्या कपातली कॉफी बशीत सांडली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कप काउंटरवर ठेवले आणि ते निघून गेले.

कॉफीच्या मशीनमागून पियुषनं किचनच्या दाराकडे नजर टाकली. शालन तिथं येऊन उभी होती. तिच्या हातातल्या रवीवरून लोणी ओघळत होतं.

‘वाफ’ हे दुकान शर्मिलाताईंनी बिबवेवाडीत सुरू केलं, तेव्हा त्या भागात कॉफीसाठी कुणी एवढे पैसे देईल असं कुणालाच वाटत नव्हतं. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा घेतला. शालन तेव्हा त्याच सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायची. कप विसळायला बाई हवी म्हणून शर्मिलाताईंनी तिला विचारलं, ती आली आणि राहिली. दोनेक वर्षांत भट्टी तिच्या ताब्यात आली. केक, पाव, बिस्किटं, सगळं. भोपळ्याचा केक तर तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलेला. तो खायला लोक कोंढव्याहून यायचे.

शर्मिलाताईंची जीभ धारदार होती. पण शालनचा नवरा कचरू यार्डात हमाली करताना ट्रकच्या फळीवरून पडला आणि त्याची पाठ गेली, तेव्हा त्या दुकान बंद ठेवून सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात शालनशेजारी फरशीवर बसून राहिल्या होत्या. डॉक्टरांशी त्याच बोलल्या, एक्सरेच्या रांगेत त्याच उभ्या राहिल्या. पुढं कधी एका शब्दानं त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. शालन मात्र विसरली नव्हती. विसरण्यातलं ते नव्हतंच.

यंदा साठी उलटल्यावर शर्मिलाताईंचे गुडघे बोलायला लागले. मुलगा बंगळूरला, त्याला कॉफी पिण्यापलीकडे या धंद्यात रस नव्हता. एक मोठी कंपनी गाळा घ्यायला तयार होती. शर्मिलाताईंनी त्यांच्या माणसाला कॉफी पाजली, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याची बोळवण केली. त्याच दुपारी त्यांनी शालन, पियुष आणि काउंटर सांभाळणारी तनुजा या तिघांना समोर बसवलं.

“मला दुकान विकायचं नाही आणि चालवायचंही नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिघं घ्या. तिघांची भागीदारी. माझे पैसे नफ्यातून सावकाश फेडा. घाई नाही, पण उपकारही नाहीत. काय म्हणता?”

पियुषनं लगेच हो म्हटलं. तनुजानं घरी विचारून दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. शालनला आठवडा लागला. मालक या शब्दाचीच तिला भीती वाटत होती. मालक म्हणजे ज्याच्याकडं रजा मागायची तो. आता रजा मागायची तरी कुणाकडं?

पण एकदा सही केल्यावर तिचं तिलाच नवल वाटावं असं झालं. तिला सुचायला लागलं. इतकी वर्षं भट्टीपाशी उभं राहून ती दुकान बघतच होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं. तिघांच्या पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, “रात्री अकरापर्यंत आपण कशाला उघडं ठेवतो? आठनंतर पोरं एक कॉफी घेऊन तीन तास बसतात. त्यापेक्षा सकाळी सहाला उघडू. तळजाई टेकडीवरून फिरून येणारे आहेत, यार्डातले लोक आहेत. त्यांना त्या वेळेला धड काही मिळत नाही. साधी फिल्टर कॉफी ठेवू, स्टीलच्या पेल्यात. संध्याकाळी सातला बंद. सोमवारी सुट्टी.”

“मावशी, सहाला म्हणजे मला पाचला उठावं लागेल,” पियुष म्हणाला.

“उठ की. मी चारला उठते.”

मत घेतलं. तिन्ही हात वर झाले, पियुषचा जरा सावकाश. महिनाभरात सकाळचा धंदा उभा राहिला. पण शर्मिलाताई रोज यायच्याच. आठच्या सुमाराला मागच्या दारानं यायच्या, खुंटीवरचा त्यांचा जुना एप्रन बांधायच्या आणि फिरायला लागायच्या. आधी शालनला त्याचा आधार वाटला. मग एकदा त्यांनी दूधवाल्याला परस्पर सांगितलं की पहाटे यायची गरज नाही, नेहमीसारखं दहाला ये. दुसऱ्या दिवशी सहाला दुकान उघडलं तेव्हा दुधाचा थेंब नव्हता. स्टीलचे पेले त्यांनी वरच्या फळीवर नेऊन ठेवले. आता हे टेबल.

आणि त्याच दिवशी दुपारी, दुकान भरलेलं असताना, त्यांनी तनुजाला गिऱ्हाइकांसमोर झापलं. तनुजानं एका आजोबांना केकचा जास्तीचा तुकडा दिला होता. आदल्या दिवशीचा, उरलेला.

“दानधर्म घरी करायचा,” शर्मिलाताई म्हणाल्या.

तनुजा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. पण संध्याकाळी शटर अर्धं ओढून तिघं बसली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“मी दुसरीकडे नोकरी बघते,” ती म्हणाली. “तिथं निदान मालक एकच असेल.”

“असं नको बोलूस,” शालन म्हणाली.

“मावशी, मग काय करायचं? त्या रोज येणार. आपण ठरवणार, त्या मोडणार. आपल्याला दुकान दिलंय की सांभाळायला ठेवलंय?”

पियुषनं फोन काढला. “एक छान पोलाइट मेसेज टाकू या का व्हॉट्सअ‍ॅपवर? ‘डिअर मॅम’ वगैरे.”

“मेसेज नाही,” शालन म्हणाली. “त्यांनी आपल्याला समोर बसवून दुकान दिलं. हे मेसेजवर कळवायचं?”

“मग समोर कोण बोलणार?” पियुषनं विचारलं.

दोघंही तिच्याकडेच बघत होती. शालन उठली, आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

त्या संध्याकाळी घरी तिनं कचरूला सगळं सांगितलं. पाठ गेल्यापासून कचरू यार्डाच्या गेटवर गाड्यांच्या पावत्या बघायचं हलकं काम करायचा. तो भाकरी कुस्करत ऐकत होता.

“रावसाहेब आठवतो का तुला? आमच्या टोळीचा मुकादम,” तो म्हणाला.

“ते उंच? फेटेवाले?”

“त्येच. लई मोठा माणूस. टोळी त्यानंच बांधली, आम्हाला कामाला त्यानंच लावलं. रिटायर झाला, तरी रोज यायचा. ट्रकपाशी उभा राहून सांगायचा, ही गोणी आधी काढा, ती मागनं काढा. नवा मुकादम एक सांगतोय, ह्यो दुसरंच. आम्ही सगळे गप. कोण बोलणार त्याला? त्याच्या जिवावर तर उभे राहिलो आम्ही.”

“मग?”

“मग काय. पोरं वैतागली, एकेक करून दुसऱ्या टोळीत गेली. टोळीच राहिली न्हाई. आणि रावसाहेब मला म्हणाला, कचऱ्या, तुम्ही मला आधी सांगितलं का न्हाई रं? मी काय तुमचा दुश्मन हाय?”

शालननं आणखी एक भाकरी त्याच्या ताटात वाढली.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं,” मग ती म्हणाली. “तुमच्या वेळेला त्या फरशीवर बसून होत्या.”

“म्हणून तर तूच बोल,” कचरू म्हणाला. “त्या पोरानं सांगितलं तर त्यांना अपमान वाटंल. तू सांगितलं तर वाईट वाटंल. वाईट वाटलेलं माणूस सहन करतं.”

सकाळी दुकान उघडायच्या आधी शालननं दोघांना जवळ बोलावलं. “जे ठरवायचं ते नीट ठरवू,” ती म्हणाली. “ताईंना सांगायचं, की इथून पुढं दुकानातलं काही त्यांनी बदलायचं नाही. पटतंय त्यांनी हात वर करा.” आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं स्वतःचा हात वर केला. तो कोपरापर्यंत पिठानं माखला होता. तनुजानं केला. पियुषनं या वेळी दोन्ही केले.

आठच्या सुमाराला मागचं दार वाजलं. शर्मिलाताईंनी एप्रन बांधला आणि त्या भट्टीत डोकावल्या.

“हा केक जरा जास्त भाजलाय.”

“ताई, बाहेर बसू या का जरा? बोलायचंय.”

शर्मिलाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता तिच्या मागून बाहेर आल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघी समोरासमोर बसल्या. इतक्या वर्षांत या खुर्च्यांवर शालन कधी बसली नव्हती. त्या इतक्या मऊ आहेत हे तिला आजच कळलं. मशीनच्या मागं पियुष एकच कप पुसत राहिला होता.

“ताई, दुकान तुम्ही आम्हाला दिलंय ना?”

“दिलंय म्हणजे काय. सह्या करून दिलंय.”

“मग आम्हाला चालवू द्या.”

शर्मिलाताई हसल्या, त्यांच्या नेहमीच्या तिरकस हसण्यानं. “मी काय तुमचे पाय धरून ठेवलेत?”

“धरलेत,” शालन म्हणाली. “दूधवाल्याला तुम्ही परस्पर सांगितलंत, आमचा सकाळचा धंदा गेला. काल यार्डातले ते दोघं निघून गेले, आज आलेच नाहीत. तनुजाला तुम्ही चारचौघांत बोललात. ती मालक आहे ताई. तिला असं कुणी बोललेलं मी ऐकून घेणार नाही. तुम्ही बोललात तरी.”

शर्मिलाताईंचं हसू गेलं. त्यांनी टेबलावरचा साखरेचा डबा उगाच सरळ केला.

“म्हणजे मी येऊ नको.”

“या ना. रोज या. पण पुढच्या दारानं या. बसा, कॉफी घ्या. केक जास्त भाजला असेल तर सांगा, गिऱ्हाईक सांगतं तसं. आम्ही ऐकू. पटलं तर करू.”

“आणि नाही पटलं तर?”

“तर नाही करणार.”

काउंटरवर कुणीतरी सुट्टे मागत होतं. तनुजा हळू आवाजात उत्तर देत होती.

“हे तिघांनी मिळून ठरवलंत?” शर्मिलाताईंनी विचारलं.

“हो. हात वर करून.”

“तूही केलास?”

शालनला खोटं बोलता आलं असतं. मुलं ऐकत नाहीत हो ताई, माझा नाइलाज झाला, असं म्हटलं असतं तर दोघींचंही जरा सोपं झालं असतं. ती तसं म्हणाली नाही.

“पहिला हात माझाच होता.”

शर्मिलाताई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पाठीमागं हात नेऊन त्यांनी एप्रनची गाठ सोडली. ती पटकन सुटेना. शालननं हात पुढं केला नाही. गाठ सुटल्यावर त्यांनी एप्रनची घडी घातली, आणि परक्याच्या घरात विचारावं तसं विचारलं, “हा कुठं ठेवू?”

“द्या माझ्याकडं.”

पर्स तनुजानं आतून आणून दिली. शर्मिलाताई पुढच्या दारानं बाहेर पडल्या. तो दिवस शालननं कसाबसा ढकलला. दुपारी तिच्या हातून पावाच्या पिठात दोनदा मीठ पडलं.

शर्मिलाताई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्या आठवड्यात आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत.

दुकान मात्र चाललं. टेबल भिंतीकडे गेलं, पेले खाली आले. यार्डातले ते दोघे व्यापारी चार-पाच दिवसांनी पुन्हा दिसले, येताना आणखी तिघांना घेऊन. एके दिवशी ऐन सकाळी भट्टी तापेचना. पियुषनं सवयीनं शर्मिलाताईंचा नंबर काढला.

“ठेव तो,” शालन म्हणाली. “त्या येऊन भट्टीत फुंकर मारणार आहेत का?”

तिनं तनुजाला पोहे आणायला पिटाळलं, गॅसवर मोठी कढई चढवली आणि मिस्त्री येईपर्यंत ‘वाफ’मध्ये कांदेपोहे आणि फिल्टर कॉफी विकली. ते इतके खपले की पियुष म्हणाला, भट्टी आठवड्यातून एकदा मुद्दामच बिघडवू या. पुढच्या बैठकीत त्यावर मत घेतलं. मुद्दाम बिघडवायचं नाही, पण शनिवारी पोहे करायचे, असं ठरलं. तनुजा दुसरी नोकरी बघण्याचं पुन्हा बोलली नाही. ती काउंटरवरून आता मान वर करून बोलायची. आदल्या दिवशीचा केक उरला की ती तो वाटून टाकायची, आणि तसं तिनं फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं.

हे सगळं सांगायला शालनला एकच माणूस आठवायचं, आणि त्या माणसाकडं जायचं धाडस होत नव्हतं. अखेर एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ती ठेवणीतली साडी नेसली आणि सहकारनगरला गेली. शर्मिलाताईंच्या घरी ती आधी कैक वेळा आली होती. कधी किल्ल्या द्यायला, कधी दिवाळीच्या आधी जाळीजळमटं काढायला. दारातून आत, आतून किचनमध्ये आणि काम झालं की बाहेर, असंच ते येणं असायचं. आज तिच्याकडे काहीच काम नव्हतं. बेल वाजवताना तिला वाटलं, निदान केक तरी आणायला हवा होता. मग वाटलं, नाही आणला तेच बरं. केक आणला असता तर तो द्यायला आल्यासारखं झालं असतं.

दार शर्मिलाताईंनीच उघडलं. जरा वाळल्या होत्या. चष्मा कपाळावर होता.

“या,” त्या म्हणाल्या.

शालननं मागं वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

“या ना, आत या. बसा.”

शालन आत गेली. सोफ्यावर वर्तमानपत्रं पसरली होती, ती शर्मिलाताईंनी गोळा करून बाजूला ठेवली आणि तिला जागा केली. शालन बसली. हा टोमणा असेल, असं तिला आधी वाटलं. त्यांचे टोमणे तिला इतके पाठ होते की शब्द तोंडातून निघायच्या आत तिला कळायचे. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. टोमणा नव्हता.

“गुडघे कसे आहेत, ताई?”

“आहेत. दोन्ही आहेत.” शर्मिलाताई समोरच्या खुर्चीत बसल्या. “मी दोनदा आले होते तिकडे. रिक्षानं. उतरले नाही.”

“का हो?”

“गर्दी होती. सकाळी सात वाजता दारापर्यंत माणसं. पहिल्यांदा बरं वाटलं. मग राग आला. मग रिक्षावाला म्हणाला, मॅडम, उतरताय की परत फिरवू. म्हटलं, फिरव.” त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. “मी असताना सात वाजता तिथं कुत्रं फिरकत नव्हतं.”

“तुम्ही असताना सात वाजता आपलं दुकानच उघडं नसायचं, ताई.”

शर्मिलाताईंना हसू आलं, आणि शालनलाही आलं. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“तनुजा आहे ना?”

“आहे. चांगली आहे.”

“मी तिला फोन केला होता. परवा. माझं चुकलं म्हटलं.” त्या थांबल्या. “तिनं सांगितलं नाही का तुम्हाला?”

“नाही.”

“शहाणी मुलगी आहे.”

शनिवारच्या पोह्यांचं त्यांना सांगावं असं शालनच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनीच हात वर करून तिला थांबवलं. “दुकानाचं काही सांगू नका. सांगितलंत की मी सल्ला देणार. येईन एक दिवस, पुढच्या दारानं, तेव्हा बघेन.” आणि त्या उठल्या. “चहा टाकते. घरी मी चहाच पिते, हे कुणाला बोलू नका.”

शालन उठायला लागली, तशी त्यांनी मान हलवली. किचनमधून भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. मग शर्मिलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात साखरेचा चमचा होता, आणि चेहऱ्यावर थोडा संकोच.

“साखर किती घेता तुम्ही?”

शर्मिलाताईंच्या कॉफीत साखर किती, दूध किती, कप कोणता, हे शालनला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अहो ताई, मला तू म्हणा ना, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ते तिथंच राहू दिलं.

“दीड चमचा,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं शर्मिलाताई ट्रे घेऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्या हळू चालत होत्या. ट्रेमधले कप किणकिणत होते, एकाचा चहा काठापर्यंत आला होता. शालन सवयीनं हात पुढं करून अर्धी उठली. मग पदर सावरून पुन्हा खाली बसली, आणि चहा आपल्यापर्यंत येईस्तोवर थांबली.